तीन की आठ

डेव्हनपोर्टच्या गोदीत, त्या हिवाळ्यात,
आमची नौका कोरड्या धक्क्यात पोट उघडं टाकून होती
आणि मी, सामान-कोठीचा खवणेकर,
वीतभर लांबीचा एक व्हॉल्व्ह शोधत हिंडत होतो.
घरमालकीण मिसेस ट्रेगेलस मला कॅव्हनी म्हणायची.
दुरुस्त करणं मी पहिल्याच आठवड्यात सोडलं.

ज्या कारखान्यानं तो ओतला
तिथं आता गालिचे विकतात.
ब्रिस्टलच्या माणसानं फोनवर नंबर दोनदा विचारला,
मग साल विचारलं,
मग नुसता हसला. वाईट नव्हता हसला.

उरला आराखडा.
मेणचट तलम कापडावर शाईनं काढलेला,
कोपऱ्यात सुधारणांची उतरंड, ए पासून के पर्यंत:
अकरा वेळा कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं.

विमानवाहू जहाज असंच वाचावं लागतं, चुकांवरून.
आधी पट्टी सरळ होती.
उतरणाऱ्याचा आकडा तारेत अडकला नाही
की तो थेट समोर उभ्या विमानांवर.
जाळी लावली. जाळी फाटली.
मग कुणीतरी पट्टीच जराशी तिरकी आखली:
चुकलास? समोर मोकळा समुद्र आहे, पुन्हा उड.
आपण म्हणतो, वाकडी वाट करून ये.
त्या वाकड्या वाटेनं किती पोरं जेवायला घरी पोचली
याची नोंद आमच्या कोठीत नाही.
मग वाफेची गोफण आली, मग आरसा, मग दिवे.
आणि हिचं तर म्हातारपणी नाकच वर केलं,
विमानांना उडी सोपी जावी म्हणून.
मला आमची थोरली आत्या आठवली.

पण माझं घोडं एका आकड्यावर अडलं.
त्यावर चहाचा डाग. खाली तीन की आठ?
जुना व्हॉल्व्ह मोजला, तर तो दोन्ही नव्हता;
चाळीस वर्षांची वाफ त्याला चाटून गेलेली.

नियम मोडून प्रत घरी आणली.
स्वयंपाकघरात टेबलावर पसरली,
मिसेस ट्रेगेलसनं सॉसची बाटली उचलली,
चष्मा लावला,
आणि बराच वेळ बाटली तशीच हातात.
"कॅव्हनी, हे माझं आहे."
कोपऱ्यात बारीक डब्ल्यू. एच.:
विनिफ्रेड हॉकिन, लग्नाआधीची.
बाथमध्ये, युद्धात, एका हॉटेलच्या नाचघरात
चाळीस मुली. साहेब पेन्सिलीनं काढायचे,
मुलींनी शाईनं गिरवायचं, काय ते विचारायचं नाही.
हा तिनं पाचदा गिरवला होता.
"मला वाटायचं, दूध काढायच्या यंत्राचा असेल."

मग भिंग आणलं.
"माझा आठ म्हणजे दोन गोळे, एकावर एक.
मध्ये टाक उचलायचा, कमरेत थेंब राहायचाच.
त्यावरून बोलणी खाल्लीत मी.
इथं थेंब नाही. तीन आहे."

तीनच निघाला.
गुरुवारी बसवला, शुक्रवारी वाफ सोडली,
गळती नाही. जुन्यापुढे वहीत 'भंगार' लिहिलं
आणि कोटाच्या खिशात टाकला.

वसंतात नौका पाण्यावर आली
तेव्हा तिला टॉरपॉइंटच्या फेरीवर नेलं.
साखळ्या करकरत होत्या, वारा बोचरा,
जुना व्हॉल्व्ह तिच्या हातमोज्यात.
समोर करडी भिंतच भिंत.
"कुठे असतो तो?"
म्हटलं, इथून नाही दिसत. खाली, पाण्याच्या रेषेखाली.
"नाहीच दिसत?"
नाही.
"बरं," म्हणाली,
आणि पलीकडचा काठ येईपर्यंत
तिथंच बघत राहिली.